सगळं मुलांसाठीच! अमेरिकन स्वप्नाच्या गोष्टीत मुलाला काय दिसतं?

‘मिनारी’ या चित्रपटात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. कोरियाहून अमेरिकेत आलेलं एक जोडपं आर्कान्सा राज्यातल्या हॅचरीत कामाला लागलंय. काम एकच. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू हातात घ्यायचं, उलटं करून बघायचं, नर की मादी ते ओळखायचं आणि त्या त्या खोक्यात टाकायचं. पाळी संपेपर्यंत हेच. त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा डेव्हिड वडिलांबरोबर बाहेर बसलेला असतो. समोर धुराड्यातून काळा धूर निघत असतो. ते काय आहे, असं तो विचारतो. वडील सांगतात की तिथे नर पिल्लं टाकून देतात. ती अंडी देत नाहीत, चवीलाही बरी नसतात, कशाच्याच उपयोगाची नाहीत. म्हणून तू आणि मी, आपण उपयोगाचं व्हायला हवं.

बाप हे प्रेमानंच सांगतो. त्याच्या डोक्यात शेत आहे, स्वतःचा धंदा आहे, मुलांचं भविष्य आहे. पोराच्या डोळ्यांसमोर मात्र धूर आहे.

अमेरिकन स्वप्नावरच्या बहुतेक चांगल्या गोष्टी याच दोन नजरांच्या मधल्या जागेत घडतात, असं मला वाटतं. मोठी माणसं म्हणतात, ‘हे सगळं मुलांसाठीच तर चाललंय.’ आणि लेखक किंवा दिग्दर्शक त्या मुलाशेजारी जाऊन बसतो आणि विचारतो, तुला यातलं काय दिसतंय रे?

आधी ‘अमेरिकन ड्रीम’ म्हणजे काय ते बघू. हा शब्द रूढ केला तो जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकारानं, १९३१ साली, ‘द एपिक ऑफ अमेरिका’ या पुस्तकातून. साल महत्त्वाचं आहे. अमेरिका तेव्हा महामंदीत होती, बँका बुडत होत्या, माणसं बेकार होत होती. त्या काळात ॲडम्स लिहीत होता की हे स्वप्न नुसतं मोटारीचं आणि भरघोस पगाराचं नाही. माणूस कुठल्या घरात जन्मला यावर त्याची वाढ अडू नये, प्रत्येकाला आपल्या कुवतीइतकं मोठं होता यावं, असा समाज म्हणजे ते स्वप्न. पुढे लोकांच्या बोलण्यात मात्र मोटार आणि पगारच जास्त राहिले.

या व्याख्येतच मूल का येतं? कारण हे वचन एका पिढीत पुरं होणारं नाही. बाप गिरणीत राबेल, आई दुसऱ्यांची घरं पुसेल, पण पोरं त्यांच्यापुढे जातील, असा तो करार आहे. आपल्या ओळखीचाच आहे हा करार. मुंबईतल्या चाळींमध्ये दोन-तीन पिढ्या त्याच्यावरच जगल्या. तिकडे आकडेही असंच सांगतात. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की १९४० साली जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी साधारण ९० टक्के मुलं मोठेपणी आईवडिलांपेक्षा जास्त कमावत होती. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणजे करार होता, तो काही काळ पाळलाही गेला, आणि मग सैल होत गेला.

या कराराची दिसणारी खूण म्हणजे घर. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारच्या मदतीनं स्वस्त गृहकर्ज मिळू लागलं. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहिली आणि चार-पाच वर्षांत तिथे १७ हजारांहून जास्त घरं झाली. पुढे अंगण, मागे हिरवळ. त्यावर दूरदर्शन मालिकांनी आपला कळस चढवला. १९५० च्या दशकातल्या त्या मालिकांत मुलगा लहानशी चूक करतो, संध्याकाळी बाबा घरी येऊन समजावतात, आणि अर्ध्या तासात सगळं मार्गी लागतं. त्या घराचा हप्ता थकलाय, असं कधी होत नाही. आणि त्या गल्लीत काळा माणूस राहत नाही. खऱ्या लेव्हिटटाउनमध्येही राहत नव्हता, कारण सुरुवातीच्या करारपत्रांतच तशी बंदी लिहिलेली होती.

घराचा आणखी एक पदर आपल्या चटकन लक्षात येत नाही. अमेरिकेत सरकारी शाळेचा बराचसा खर्च त्या भागातल्या मालमत्ता करातून चालतो. घरं महाग तिथे कर जास्त, कर जास्त तिथे शाळेकडे पैसा जास्त. आणि मुलाला कोणती शाळा मिळणार हे बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून ठरतं. म्हणजे घर नुसतं डोक्यावरचं छप्पर नाही, मुलाच्या शाळेचा दाखलाही तेच.

हे ठाऊक असलं की बेटी स्मिथ यांच्या ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ या १९४३ च्या कादंबरीतला एक प्रसंग वेगळाच लागतो. ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतली फ्रान्सी नोलन भटकता भटकता एक छानशी शाळा बघते. तिथे जायचं तर पत्ता त्या भागातला हवा. तिचे वडील जॉनी खोटा पत्ता लिहून देतात. हॉटेलांत गाणी म्हणत वाढपीकाम करणारा, दारूत बुडालेला आणि पोरीवर जीव टाकणारा हा बाप. आयुष्यात त्यानं तिला जे दिलं त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हा खोटा पत्ता. फ्रान्सीला ते कळतं.

याच कादंबरीत एक पत्र्याचा डबा आहे. फ्रान्सीची आजी ऑस्ट्रियाहून आलेली, तिला लिहिता-वाचता येत नाही. मुलीला पहिलं बाळ होतं तेव्हा ती दोन गोष्टी सांगते. रोज रात्री मुलांना एक पान बायबलचं आणि एक पान शेक्सपिअरचं वाचून दाखव. आणि एक डबा कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीला खिळे मारून ठोक, त्यात रोज चार पैसे टाक. एक दिवस त्यातून जमिनीचा तुकडा घे. आपल्या नावावर जमीन असली म्हणजे आपण कुणाचे मिंधे नाही. युरोपातून पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबून आलेल्या बाईचं ते शहाणपण आहे. खिळे का, तर डबा सहज उचलून फोडता येऊ नये म्हणून.

वर्षानुवर्षं नाणी पडत राहतात, अधूनमधून अडीअडचणीला निघतातही. मग जॉनी मरतो. डबा उचकटला जातो. त्यातल्या पैशांतून त्याच्यासाठी दफनभूमीत जागा घेतली जाते. पुढे डब्याचा विषय निघतो तेव्हा आई फ्रान्सीला आणि तिच्या भावाला सांगते की आता त्याची गरज नाही, आपल्या मालकीची जमीन झाली.

मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. लेखिका इथे ना रडते, ना अमेरिकेला शिव्या देते. आईचं बोलणं खरंही आहे आणि काळीज चिरणारंही. आणि ते ऐकायला समोर दोन पोरं उभी आहेत.

कादंबरीच्या नावातलं झाड म्हणजे चाळीच्या मागच्या अंगणात, सिमेंटच्या फटीतून आपोआप उगवणारं झाड. आपल्याकडच्या महारुखाच्या कुळातलंच ते. कुणी लावत नाही, पाणी घालत नाही, आणि तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. अमेरिकन लेखकांना कुटुंबाबद्दल काही सांगायचं झालं की ते असं झाड किंवा रोप का आणतात, याचा मी बराच विचार केलाय. बहुधा घर विकत घेता येतं, पण रुजणं विकत मिळत नाही म्हणून. आर्थर मिलर यांच्या १९४९ च्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकात म्हातारा विली लोमन रात्रीच्या अंधारात, हातात बॅटरी घेऊन मागच्या अंगणात बी पेरतो. तिथे काही उगवणार नसतं, कारण आजूबाजूच्या उंच इमारतींनी ऊन अडवलंय. २५ वर्षं फेडत आणलेल्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरला जातो तो त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. घर मोकळं होतं आणि राहणारा गेलेला असतो.

पण बाप आणि मूल यांच्यातला व्यवहार सगळ्यात उघडपणे मांडलाय तो लॉरेन हॅन्सबेरी यांनी, ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात. १९५९ साली ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यू यॉर्कच्या मुख्य नाट्यगृहांच्या भागात आलं. कृष्णवर्णीय लेखिकेचं नाटक तिथे येण्याची ती पहिलीच वेळ. शिकागोतल्या एका कोंदट घरात तीन पिढ्या राहतात. दहाएक वर्षांचा ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो, संडास-बाथरूम मजल्यावर सगळ्यांत मिळून एकच. नाटक सकाळी सुरू होतं आणि ट्रॅव्हिस शाळेसाठी ५० सेंट मागतो. आई सांगते, नाहीत. वडील वॉल्टर ते ऐकतो, खिशात हात घालतो, पोराच्या हातावर ५० सेंट ठेवतो, आणि वर आणखी ५० सेंट खाऊला देतो. पोरगा खूश होऊन जातो. थोड्या वेळानं वॉल्टर बायकोकडे परत येतो, कामावर जायला गाडीभाडं मागायला.

दोन मिनिटांचाही प्रसंग नसेल. मुलासमोर ‘नाही’ म्हणायची लाज त्याच्यात सगळी दिसते. भाषण नाही, काही नाही.

पुढे आजोबांच्या विम्याचे १० हजार डॉलर येतात. आजी त्यातून गोऱ्या वस्तीत घराचे आगाऊ पैसे भरते. उरलेले वॉल्टर दारूच्या दुकानाच्या नादात घालवून बसतो. त्याआधीच त्या वस्तीचा प्रतिनिधी प्रस्ताव घेऊन येऊन गेलेला असतो, तुम्ही आमच्याकडे राहायला येऊ नका, आम्ही तुम्हाला पैसे देतो. तेव्हा वॉल्टरनं त्याला घालवून दिलेलं असतं. आता खचलेला वॉल्टर त्याला परत बोलावतो आणि ते पैसे घ्यायला तयार होतो. ट्रॅव्हिसची आई पोराला बाहेर पाठवू बघते. आजी म्हणते, नाही, तो इथेच थांबेल. तू काय करतोयस ते तुझ्या मुलाला बघू दे. आणि पोरगा समोर उभा राहिल्यावर वॉल्टरच्या तोंडून नकार निघतो.

हॅन्सबेरींनी हे हवेतून आणलेलं नव्हतं. १९३७ मध्ये त्यांच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. जमावानं खिडकीतून भिरकावलेली वीट त्यांना लागता लागता राहिली. त्या घरावरून झालेला खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नाटकातली आजी नव्या घरी निघताना मागे वळते आणि खिडकीतलं मरतुकडं रोप उचलून सोबत घेते.

आता थेट २०१७ मध्ये येऊ. शॉन बेकर यांच्या ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’मध्ये घरच नाही. सहा वर्षांची मूनी आणि तिची तरुण आई हॅली फ्लोरिडा राज्यात किसिमी गावातल्या एका जांभळ्या मोटेलच्या खोलीत राहतात. मोटेलचं नाव ‘मॅजिक कॅसल’, म्हणजे जादूचा किल्ला. डिस्नी वर्ल्ड तिथून जवळच. वॉल्ट डिस्नीच्या लोकांनी १९६० च्या दशकात त्या उद्यानाची आखणी केली तेव्हा तिला ‘फ्लोरिडा प्रोजेक्ट’ म्हणत, चित्रपटाचं नाव तिथूनच घेतलंय.

माणसं मोटेलमध्ये का राहतात, घर भाड्यानं का घेत नाहीत, हा प्रश्न मला हा चित्रपट बघताना पहिल्यांदा पडला. भाड्याच्या घराला अनामत लागते, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ लागतं, वर जुन्या देण्याघेण्याचा इतिहास तपासतात. मोटेलला फक्त या आठवड्याचे पैसे लागतात. महिन्याचा हिशेब केला तर ते बहुतेकदा महागच पडतं, पण एकरकमी पैसे हातात नसलेल्या माणसाला तेवढंच परवडतं. शिवाय फार दिवस सलग राहिलं तर भाडेकरूचा हक्क लागू होईल, म्हणून चित्रपटात मॅनेजर त्यांना महिन्यातून एक रात्र दुसरीकडे राहायला लावतो. आई आणि मुलगी सामान पिशव्यांत भरून दुसऱ्या मोटेलकडे जातात. असं मोटेलमध्ये नाइलाजानं राहणाऱ्या मुलांना अमेरिकेतला शिक्षणविषयक कायदा बेघरच मानतो.

मूनीला मात्र हे ठाऊकच नाही. तिच्या दृष्टीनं उन्हाळ्याची सुट्टी लागलीय. ती आणि तिचे मित्र पर्यटकांकडून पैसे मागून एकच आइस्क्रीम घेतात आणि तिघांत मिळून चाटतात. कॅमेरा बराच वेळ त्यांच्या उंचीवर ठेवलेला आहे. त्यामुळे मोठी माणसं वाकून आत येतात, दुकानांच्या पाट्या आभाळाएवढ्या दिसतात. बेकर यांची युक्ती अशी की मुलीला दिसतं तेवढंच ते आपल्याला दाखवतात, पण आपण मोठे असल्यामुळे आपल्याला जास्त कळतं.

याचं एकच उदाहरण देते. मूनी टबात बसून खेळण्यांशी खेळतेय, खोलीत मोठ्यानं गाणी लागलीत. थोड्या वेळानं पुन्हा तेच दृश्य. मग पुन्हा. आणि एकदा एक परका माणूस बाथरूममध्ये शिरतो, मुलीला बघून दचकतो, हॅली त्याला बाहेर काढते. बाहेरच्या खोलीत काय चालतं, भाड्याचे पैसे आता कुठून येतात, हे कुणी एका शब्दानं सांगत नाही. कॅमेरा खोलीत जातही नाही. आधीच्या साध्या वाटलेल्या आंघोळीचे प्रसंग मागे जाऊन आपल्या मनात एकदम बदलतात. मुलाच्या नजरेनं गोष्ट सांगण्याची खरी ताकद इथे आहे. मूल निरागस दाखवून डोळे ओले करणं सोपं. त्याला न कळणारं प्रेक्षकाला कळायला लावणं फार अवघड.

हॅली चांगली आई आहे का? चित्रपट निकाल देत नाही आणि मीही देणार नाही. ती पोरीवर हात उगारत नाही, पोरीबरोबर पावसात नाचते, आणि पोरीला कसल्या गोष्टींच्या जवळ ठेवते ते आपण बघितलंच. दोन्ही खरं आहे. मॅनेजर बॉबी (विलेम डफो यांनी तो फार मायेनं उभा केलाय, त्यांना ऑस्करचं नामांकनही मिळालं) भाड्यासाठी तगादाही लावतो आणि पोरांच्या आसपास घुटमळणाऱ्या संशयास्पद म्हाताऱ्याला हाकलूनही देतो. मूनी मैत्रिणीला एक आडवं पडलेलं मोठं झाड दाखवते आणि सांगते की हे तिचं सगळ्यात लाडकं झाड, कारण ते पडलं तरी वाढतंय.

बालसंरक्षण खात्याची माणसं तिला न्यायला येतात तेव्हा ती धावत मैत्रिणीच्या दाराशी जाते आणि पहिल्यांदा रडते. मैत्रीण तिचा हात धरते आणि दोघी धावत सुटतात, थेट डिस्नीच्या खऱ्या किल्ल्याकडे. बाकीचा चित्रपट फिल्मवर चित्रित झालेला, हा शेवट मात्र आयफोनवर, उद्यानात गुपचूप केलेला आहे. चित्र एकदम थरथरतं, रंग वेगळे दिसतात. त्या खरंच पोचल्या की हे मूनीच्या मनातलं, ते आपण ठरवायचं.

पुन्हा ‘मिनारी’कडे येते, कारण तो मी माझ्या आत्याबरोबर पाहिला. ती न्यू जर्सीला मुलीकडे दोन बाळंतपणांसाठी सहा-सहा महिने राहून आलेली आहे. चित्रपट १९८० च्या दशकातला. दिग्दर्शक ली आयझॅक चुंग स्वतः आर्कान्सात वाढले, बालपणाच्या ऐंशीएक आठवणी लिहून काढल्या आणि त्यातून पटकथा केली. दिग्दर्शक अमेरिकन, कथा अमेरिकेतली, तरी संवाद मुख्यतः कोरियन म्हणून गोल्डन ग्लोब पुरस्कारांत तो परभाषिक चित्रपटांच्या गटात टाकला. अमेरिकन कुटुंब कुणाला म्हणायचं, हा वाद त्यामुळे पुन्हा निघाला.

जेकब बायकोमुलांना घेऊन येतो ते घर म्हणजे चाकांवरचा ट्रेलर. घराला चाकं आहेत, हे पोरांच्या लगेच लक्षात येतं. विहिरीची जागा दाखवायला आलेल्या पाणाड्याला तो परत पाठवतो. कोरियन माणूस डोकं वापरतो, असं मुलाला सांगून स्वतःच जागा शोधतो आणि स्वतःच खणतो. पाणी लागतं, आणि काही दिवसांनी आटतं. नवराबायको भांडतात तेव्हा मुलं ‘भांडू नका’ असं लिहून कागदाची विमानं त्यांच्याकडे सोडतात. मुलांनी मला एकदा तरी यशस्वी झालेलं बघायला हवं, असं जेकबचं म्हणणं. मग एक दिवस सगळंच जुळून येतं. डेव्हिडच्या हृदयाचा दोष कमी होतोय असं डॉक्टर सांगतात, भाजीला गिऱ्हाईक मिळतं. आणि नेमकं त्याच दिवशी, गाडीजवळ उभं राहून, बायको मोनिका सांगते की आता माझ्याच्यानं होणार नाही. संकटात तिनं साथ दिली. पण वेळ आली तेव्हा त्यानं घरच्यांआधी शेत निवडलं, हे तिला दिसलं.

आत्या मात्र वेगळ्याच ठिकाणी रडली. मोनिकाची आई कोरियाहून येते आणि पिशवीतून लाल तिखट आणि सुके मासे काढते. ते पाहून मोनिकाचे डोळे भरतात. आत्या म्हणाली, ‘मी मेतकुटाची पिशवी काढली होती ना, तेव्हा माझी पोरगी अशीच उभी होती ओट्याशी.’ डेव्हिडला ही आजी आवडत नाही. ती कुकीज भाजत नाही, पत्ते खेळते, तिला कोरियाचा वास येतो. त्यावरही आत्या मान हलवत होती. नातवंडांनी वासावरून नाक मुरडलेलं तिनंही पाहिलंय.

ही आजी ओढ्याकाठी मिनारीचं बी टाकते. ही कोथिंबिरीच्या कुळातली, ओलीत वाढणारी पालेभाजी. पुढे तिला अर्धांगवायूचा झटका येतो. घराला मदत करायची म्हणून ती थरथरत्या हातानं कचरा जाळते आणि ठिणगीनं भाजीची कोठी पेटते. सगळं पीक जातं. आजी शरमेनं उलट्या दिशेला चालू लागते, आणि ज्याला जन्मभर ‘पळू नकोस’ असं बजावलेलं, तो डेव्हिड पळत जाऊन तिच्यासमोर उभा राहतो. त्या रात्री सगळे जमिनीवर एकमेकांना लागून झोपतात. आजी एकटी जागी राहून त्यांच्याकडे बघत बसते.

नंतर जेकब पाणाड्याला बोलावतो. शेवटी बापलेक ओढ्यावर जातात. मिनारी आपसूक माजलेली असते. आजीनं जागा चांगली निवडली, असं जेकब म्हणतो आणि दोघं भाजी खुडू लागतात.

नावं सुरू झाली तरी आत्या पडद्याकडेच बघत होती. मग मला म्हणाली, ‘आजीच्या ताटात वाढली असेल ना गं ती भाजी?’